स्क्वॅटच्या शेवटच्या रेपला पॉवर निम्मी, ईएमजी दीडपट! खरं कुणाचं मानायचं?

रॉडवेडा

मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली.

एक मित्र स्नायूंचे सिग्नल मोजण्याच्या कामात आहे. त्याच्याकडून दोन आठवड्यांसाठी चार चॅनलचा बिनतारी ईएमजी (म्हणजे स्नायूंतल्या विजेचे सिग्नल कातडीवरून टिपणारा) संच मिळाला. रॉडला दोरी अडकवून वेग मोजायचं यंत्र माझ्याकडे आधीपासून आहे. म्हटलं, दोन्ही एकदम लावू आणि आपण व्यायाम करताना आत नक्की काय चालतं ते एकदा बघूच. हाकानाका!

माझं वजन ७२ किलो. रॉडवर ८० किलो. स्क्वॅटचा, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन काढायच्या बैठकांचा, एकच सेट, अगदी दम निघेपर्यंत. आठ रेप (बैठका) झाल्या, नववी उठली नसती. इलेक्ट्रोड दोन्ही मांड्यांच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे गुडघ्याच्या वर जो फुगवटा दिसतो त्या स्नायूवर. आकडे असे आले:

पहिली रेप: वर येतानाचा सरासरी वेग ०.६२ मीटर प्रति सेकंद, पॉवर ४८७ वॅट, उजव्या मांडीचा ईएमजी २१० मायक्रोव्होल्ट.

आठवी रेप: वेग ०.३१, पॉवर २४३ वॅट, ईएमजी ३१८ मायक्रोव्होल्ट.

म्हणजे एक यंत्र म्हणतंय, तुझी ताकद निम्म्यावर आली. दुसरं म्हणतंय, स्नायू दीडपट राबतोय. मी आपला मधल्यामध्ये.

दुसरी भानगड म्हणजे डाव्या मांडीचा आकडा सगळ्या रेपमध्ये उजवीपेक्षा ३५ टक्क्यांनी कमी. मला डाव्या पायाचा काही त्रास नाही, पण हे बघितल्यापासून जिना चढताना उगाच डावा पाय कमजोर वाटायला लागलाय.

तिसरा प्रश्न: यातून व्यायामाच्या वहीत लिहिण्याजोगं नक्की काय निघतं? की नुसतीच हौस?

डंबेलदास

रुमाल टाकून ठेवतो. छातीच्या व्यायामांबद्दल विचारायचंय, पण आधी जाणकार येऊ देत.

मापाडी

चांगला धागा. ईएमजी माझा प्रांत नाही, त्यावर दुसरं कुणी बोलेल. मी पॉवरबद्दल सांगतो, कारण तुमच्या प्रश्नातला अर्धा गुंता 'ताकद निम्म्यावर आली' या तीन शब्दांत आहे.

पॉवर म्हणजे बल गुणिले वेग. रॉड तळाशी क्षणभर थांबलेला असतो, वर पोचल्यावरही थांबतो. सुरुवातीला वेग शून्य, शेवटी वेग शून्य. म्हणजे मधल्या प्रवासात तुम्ही रॉडवर लावलेल्या बलाची सरासरी बरोबर त्याच्या वजनाइतकी येते, म्हणजे ८० गुणिले ९.८१, साधारण ७८५ न्यूटन. आधी थोडं जास्त लावता, रॉड वेग घेतो. शेवटी थोडं कमी लावता, रॉड मंदावतो. हिशेब मिटतो.

आता मजा बघा. हे पहिल्या रेपलाही ७८५ आणि आठव्या रेपलाही ७८५. रॉडच्या दृष्टीने तुमचं सरासरी बल एका न्यूटननेही कमी झालेलं नाही. तेच अंतर कापायला दुप्पट वेळ लागला, म्हणून पॉवर निम्मी. ७८५ गुणिले ०.६२ करा, ४८७ येतील. गुणिले ०.३१ करा, २४३.

त्यामुळे या प्रकारच्या व्यायामात वजन ठाऊक असेल तर सरासरी पॉवर हा आकडा सरासरी वेगापेक्षा नवीन असं काहीच सांगत नाही. एका ठराविक आकड्याने गुणलेला वेगच तो. पडद्यावर मोठा दिसतो म्हणून बरं वाटतं, इतकंच. उडी मारून केलेला स्क्वॅट, रॉड हातातून सुटेल असा बेंच (आडवं पडून रॉड छातीवरून वर ढकलणं), स्नॅच आणि क्लीन (रॉड जमिनीवरून झटक्यात डोक्यावर किंवा खांद्यावर घेणं) इथे गोष्ट वेगळी, कारण तिथे ज्या टप्प्यात जोर लावला तो संपताना वेग शून्य नसतो. तिथली कमाल पॉवर खरोखर काहीतरी सांगते.

जाता जाता: तुमच्या यंत्राने शरीराचं वजन धरलेलं नाही. हे मुद्दाम लक्षात ठेवा, पुढे यावरून वाद होणार आहे.

रॉडवेडा

मापाडी, दंडवत! 'बल तेच, वेळ दुप्पट' हे डोक्यातच आलं नव्हतं. पण मग बल तेवढंच असेल तर ईएमजी का वाढला?

हाडवैरीण

फिजिओथेरपीच्या निमित्ताने ईएमजीशी रोजचा संबंध आहे, म्हणून लिहिते. जरा लांबेल.

त्वचेवर लावलेला इलेक्ट्रोड बल मोजत नाही. मज्जारज्जूतून निघालेला एकेक चेतातंतू स्नायूतल्या तंतूंच्या एका गटाला हलवतो. या जोडीला मोटर युनिट म्हणतात. हुकूम आला की त्या तंतूंवरून विजेची एक लाट धावते. अशा शेकडो लाटा एकमेकींत मिसळून, मधल्या चरबीतून आणि कातडीतून गाळून जे काही वर पोचतं, ते तुम्हाला दिसलेले २१० मायक्रोव्होल्ट. लाटा एकमेकींना काही प्रमाणात खोडूनही टाकतात. म्हणजे भिंतीपलीकडे लग्नाचा हॉल आहे आणि गोंगाटावरून माणसं किती ते तुम्ही ताडताय. गोंगाट वाढला म्हणजे माणसं वाढली असतील, किंवा तीच माणसं जोरात बोलत असतील, किंवा कुणीतरी दार उघडलं असेल.

आता दमलेल्या स्नायूत काय होतं? पहिल्या रेपला ज्या युनिटांनी काम केलं, ती आठव्या रेपपर्यंत थकलेली. तेवढंच बल द्यायचं तर मेंदूला नवीन, मोठी युनिटं कामाला लावावी लागतात. लहान आधी, मोठी नंतर हा क्रम ठरलेला असतो, त्याला हेनेमनचं आकाराचं तत्त्व म्हणतात. ही झाली जास्त माणसं. शिवाय थकलेल्या तंतूवरून लाट हळू धावते, त्यामुळे ती पसरट होते, सिग्नलमधल्या कमी कंपनसंख्येचा भाग वाढतो, आणि कमी कंपनसंख्या चरबी-कातडीतून जास्त सहज बाहेर येते. हे झालं उघडलेलं दार! एकही नवीन युनिट न लागता आकडा फुगतो. तुमच्या ३१८ मध्ये यातलं किती आणि त्यातलं किती, हे नुसत्या आकड्यावरून वेगळं काढता येत नाही. संचातून मध्यक कंपनसंख्या (जिच्या वर आणि खाली सिग्नल अर्धा-अर्धा वाटला जातो ती) काढता येत असेल तर बघा, ती घसरलेली दिसेल. आणि हळू रेपमध्ये तुम्ही अडकायच्या कोनात जास्त वेळ घालवता, त्याचाही सरासरीवर परिणाम होतो.

थोडक्यात दोन्ही यंत्रं खरं बोलतायत. एकाला रॉड दिसतो, दुसऱ्याला हुकमाचा गोंगाट ऐकू येतो. स्नायूने प्रत्यक्ष किती ओढलं हे दोघांनाही माहीत नाही.

डाव्या पायाबद्दल: आधी जिना बिनधास्त चढा. इलेक्ट्रोड कुठे लावला यावर हा आकडा प्रचंड बदलतो. चेतातंतू स्नायूत शिरतो त्या भागावर इलेक्ट्रोड पडला तर लाटा दोन्ही दिशांना जातात आणि एकमेकींना मारतात, आकडा कोसळतो. एका बाजूची चरबी दोन मिलिमीटरने जास्त असली तरी फरक पडतो. म्हणून कच्चे मायक्रोव्होल्ट दोन पायांत, दोन माणसांत किंवा दोन दिवसांत ताडून बघायचेच नसतात.

असं करा. खुर्चीत बसा, घोटा एका न हलणाऱ्या पट्ट्यात अडकवा आणि जीव खाऊन पाय सरळ करायचा प्रयत्न करा, तीन ते पाच सेकंद. मध्ये दोन मिनिटं विश्रांती, असं तीनदा. प्रत्येक पायाचा सर्वांत मोठा आकडा म्हणजे त्या पायाचे १०० टक्के. मग स्क्वॅटचे आकडे त्याच्या टक्केवारीत लिहा. इलेक्ट्रोड मधल्या काळात काढायचे नाहीत, हे महत्त्वाचं. आणि टक्केवारी १००च्या वर गेली तर घाबरू नका. वेगाने हलताना तसं होतं, यंत्र बिघडलेलं नसतं.

डंबेलदास

ताई, उत्तम माहिती. आता माझा प्रश्न. इंटरनेटवर याद्या असतात ना, अमुक व्यायामाला छातीच्या वरच्या भागाचा ईएमजी सर्वांत जास्त, तमुक व्यायाम नंबर दोन. मी गेले सहा महिने त्या यादीतले पहिले तीनच व्यायाम करतोय. हे बरोबर आहे ना? बरोबर आहे असंच सांगा प्लीज.

हाडवैरीण

डंबेलदास, तुम्ही सहा महिने न चुकता व्यायाम करताय हे बरोबर आहे. :-)

याद्यांचं म्हणाल तर, गोंगाट जास्त म्हणजे स्नायू जास्त वाढणार हा सांधा कुणी सिद्ध केलेला नाही. उलट उदाहरण आहे. हिप थ्रस्टमध्ये (पाठ बाकाला टेकवून रॉड कमरेने वर ढकलायचा व्यायाम) कुल्ल्यांच्या स्नायूचा ईएमजी स्क्वॅटपेक्षा बराच जास्त येतो, यावर कितीतरी चर्चा झडल्या. मग नवशिक्यांना दोन गटांत विभागून नऊ आठवडे एकेक व्यायाम करायला लावला, आधी आणि नंतर एमआरआय काढले. २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. कुल्ल्यांची वाढ दोन्ही गटांत जवळपास सारखी! सुरुवातीला ज्यांचा ईएमजी जास्त होता त्यांचीच वाढ जास्त झाली, असंही काही भरवशाचं दिसलं नाही.

एक कारण सहज सुचतं. स्नायू ताणलेल्या अवस्थेत असताना कमी हुकमातही त्याच्यावर भार मोठा पडतो. ईएमजीला तो भार दिसत नाही. स्क्वॅटच्या तळाशी कुल्ले ताणलेले असतात, हिप थ्रस्टच्या वरच्या टोकाला आखडलेले. तिथे गोंगाट भरपूर.

डंबेलदास

सहा महिने!!! (हे वाचून खाली बसलो. ईएमजी शून्य.)

पिकलं_पान

पंचेचाळीस वर्षं लोखंड उचलतोय. आमच्या वेळी यंत्र म्हणजे वस्तादाचे कान. पाठ करून उभा असायचा आणि प्लेटांच्या आवाजावरून सांगायचा, "बास, ठेव आता." आवाज रेंगाळला की सेट संपला. तुमचा तो ०.३१ आमच्या वस्तादाला दोरी न लावता कळत होता.

टीका म्हणून नव्हे, पण मुलांनो, त्या आकड्यांकडे बघत बघत खाली बसू नका. मान वाकडी होते.

मापाडी

काका, वस्ताद नकळत वेगच मोजत होते. आता त्याला वेगाधारित प्रशिक्षण असं भारदस्त नाव आहे. स्क्वॅटमध्ये जेमतेम उठेल अशा एका रेपचा वेग साधारण ०.३ मीटर प्रति सेकंद असतो, बेंचमध्ये त्याहून कमी, ०.१७च्या आसपास. रॉडवेडांची आठवी रेप ०.३१ला होती, म्हणजे 'नववी उठली नसती' हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर. आणि सेट कुठे तोडायचा यावरही प्रयोग झालेत. एकात आठ आठवडे स्क्वॅट करून घेतले. एका गटाने वेग २० टक्क्यांनी घसरला की सेट थांबवला, दुसऱ्याने ४० टक्क्यांपर्यंत ताणला. ताणणाऱ्यांच्या मांड्या जास्त भरल्या. लवकर थांबणाऱ्यांची उडी जास्त सुधारली, तीही कितीतरी कमी रेप करून. ताकद दोघांचीही सारखीच वाढली.

काठावरचा

वाचतोय, छान चाललंय. माझा बाळबोध प्रश्न: दोरीचं यंत्र नाही, फोन आहे. चालेल का? आणि मनगटाला बांधायचे ते पट्टे?

मापाडी

फोनच्या चित्रीकरणावरून वेग काढता येतो, पण सेकंदाला किती चित्रं घेता ते बघा. ३० घेतली तर दोन चित्रांत ३३ मिलिसेकंदांचं अंतर. जोरदार रेप अर्ध्या सेकंदात संपते, म्हणजे तुमच्याकडे जेमतेम १५ चित्रं. सुरुवात आणि शेवट ओळखताना एकेक चित्र इकडेतिकडे झालं की १३ टक्क्यांची चूक. २४० चित्रांवर ठेवा, मग तीच चूक दोन टक्क्यांच्या आत येते. फोन स्टँडवर, रॉडच्या उंचीला, बाजूने. मित्राच्या हातात देऊ नका, तो दुसऱ्या रेपला आरशात बघायला लागतो.

पट्ट्यांमध्ये त्वरणमापक असतो. त्वरणाची बेरीज करत करत वेग काढायचा म्हणजे प्रत्येक क्षणाची बारीक चूकही बेरजेत जाते आणि फुगत जाते. चांगली यंत्रं रॉड थांबलेला ओळखून तिथे वेग पुन्हा शून्यावर आणतात. त्यामुळे स्क्वॅटमध्ये प्रत्येक रेपच्या वर क्षणभर नीट थांबा. धसमुसळेपणाने सलग रेप मारल्या की आकडे भरकटतात.

दोरीवाल्यांनाही एक पथ्य आहे. दोरी उभीच हवी. यंत्र फक्त दोरीची लांबी किती बदलली ते बघतं. ती २५ अंशांनी कलली तर वेग ९ टक्क्यांनी कमी दिसतो. मी स्वतः एक अख्खा महिना यंत्र रॅकच्या पायाशी ठेवून, एक पाऊल मागे जाऊन स्क्वॅट करत होतो आणि 'या महिन्यात काही राम नाही' म्हणून वैतागलो होतो. राम होता, दोरी तिरकी होती.

स्नॅचसम्राज्ञी

आता माझा आवडता विषय. पॉवरलिफ्टिंग या खेळाच्या नावात पॉवर आहे आणि खेळात ती वेटलिफ्टिंगपेक्षा कितीतरी कमी आहे, हे तुम्हाला माहीत आहे का?

सोयीसाठी आकडे धरते. कुणी २५० किलोची डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड धरून सरळ उभं राहणं) अर्धा मीटर उचलली, अडीच सेकंद लागले. २५० गुणिले ९.८१ गुणिले ०.५ भागिले २.५, आले ४९० वॅट. आता १०० किलोचा स्नॅच. रॉड मांडीपाशी आल्यावर जो दुसरा झटका देतो, त्यात वेग १.२ वरून १.८ला गेला आणि १५० मिलिसेकंद लागले असं समजा. त्वरण ४, म्हणजे बल १०० गुणिले १३.८१, आणि सरासरी वेग १.५. दोन हजार वॅटच्या वर! वजन निम्म्याहून कमी, पॉवर चौपट. अव्वल दर्जाच्या वेटलिफ्टर पुरुषांसाठी या दुसऱ्या झटक्यात शरीराच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ५० वॅट मोजले गेलेत, तर पॉवरलिफ्टिंगच्या उचलींमध्ये सुमारे १२.

अर्थात ती डेडलिफ्ट मला उचलता येणार नाही हा भाग अलाहिदा.

याचं मूळ ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांच्या वक्रात आहे. त्यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूवर दाखवून दिलं की स्नायू जितक्या वेगाने आखडतो, तितकं त्याला बल कमी देता येतं. पूर्ण जोर लावला तर वेग शून्य, पूर्ण वेग घेतला तर बल शून्य, दोन्ही टोकांना पॉवर शून्य. कमाल पॉवर मधे कुठेतरी, साधारण कमाल वेगाच्या एक तृतीयांशाजवळ. जड डेडलिफ्ट त्या वक्राच्या एका टोकाला चिकटलेली असते.

काठावरचा

मग पॉवर वाढवायला नेमकं किती वजन घ्यायचं? एकदाच जेमतेम उचलता येईल त्या वजनाच्या कुणी ३० टक्के म्हणतं, कुणी ८० टक्के. दोघंही संशोधनाचा हवाला देतात.

मापाडी

हाच तो वाद, ज्याबद्दल वर लिहिलं होतं. बऱ्याचदा दोघंही वेगवेगळी गोष्ट मोजत असतात.

रॉडवेडांचीच पहिली रेप घ्या. रॉडचे ८० किलो धरले, ४८७ वॅट आले. पण स्क्वॅटमध्ये माणूस स्वतःलाही वर उचलतो. पोटऱ्या आणि पावलं फारशी हलत नाहीत, ते साधारण १२ टक्के वजा करा. ७२ पैकी ६३ किलो उरले. एकूण १४३ किलो, तोच वेग, म्हणजे ८७० वॅट. एकच माणूस, एकच रेप, आणि आकडा पावणेदोनपट!

आणि नुसता आकडाच बदलत नाही, कमाल कुठे येते तेही बदलतं. फक्त रॉड मोजला तर हलक्या रॉडला पॉवर कमीच दिसणार, कारण उडी मारून अख्खं शरीर हवेत नेलं त्याचं श्रेय कुठेच धरलेलं नाही. रिकाम्या हाताने उडी मारली तर त्या हिशेबाने पॉवर शून्य! शरीर धरलं की कमाल हलक्या वजनाकडे सरकते. उडीच्या स्क्वॅटमध्ये तर बऱ्याचदा अंगावर काहीच नसताना सर्वांत जास्त येते. क्लीनमध्ये ती ७०-८० टक्क्यांच्या आसपास सापडते, तो व्यायामच वेगळा. म्हणून '३० की ८०' असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, कोणता व्यायाम आणि शरीर धरलं की नाही? पायाखाली बलमापक पाट (फोर्स प्लेट) असेल तर हा प्रश्न उरत नाही, त्याला शरीर आणि रॉड दोन्ही एकत्रच जाणवतात.

रॉडवेडा

मंडळी, ताईंच्या सांगण्याप्रमाणे काल पुन्हा मोजलं. वृत्तांत देतो.

आधी फजिती. मांडीवरचे केस काढले, स्पिरिटने पुसलं, पण वाळायच्या आत इलेक्ट्रोड चिकटवले. तिसऱ्या रेपला घामाने एक सुटला आणि पडद्यावर उजव्या मांडीने जे काही केलं ते कुठल्याही मानवी स्नायूला शक्य नाही. पुन्हा पुसलं, पूर्ण वाळू दिलं, दोन इलेक्ट्रोडच्या केंद्रांत बरोबर दोन सेंटिमीटर ठेवले, जागेभोवती पेनने चौकट काढली, वरून जाळीची पट्टी गुंडाळली.

मग गंमत म्हणून एक इलेक्ट्रोड छातीच्या डाव्या बाजूला लावून बेंचवर आडवा पडलो. काहीच करत नव्हतो, तरी सेकंदाला एकदा ठसठशीत टोक! दोन मिनिटं डोकं खाजवल्यावर कळलं, हृदय आहे ते.

मग खुर्ची, पट्टा, जीव खाऊन जोर. तीनदा दोन्ही पाय. त्याच्या टक्केवारीत स्क्वॅटच्या पहिल्या रेपला उजवा पाय ६१, डावा ५८. म्हणजे ते ३५ टक्के गेले कुठे? इलेक्ट्रोडच्या जागेत! खात्री करायला डावा इलेक्ट्रोड मुद्दाम तीन सेंटिमीटर वर सरकवला आणि तेच वजन उचललं. मायक्रोव्होल्ट लगेच बदलले, पाय तोच.

मध्यक कंपनसंख्याही काढली. पहिल्या रेपपेक्षा आठवीला घसरलेली आहे. दार उघडलंय, ताई.

हाडवैरीण

शाब्बास! हृदयाचं टोक बहुतेक सगळ्यांना पहिल्यांदा चकवतं. छातीचा, पोटाचा, पाठीचा सिग्नल घेताना ते गाळावं लागतं. २० हर्ट्झच्या खालचा भाग कापायलाही विसरू नका. तिथे स्नायूपेक्षा वायरींची आणि कातडीची हालचालच जास्त असते. तुमचा संच सेकंदाला हजार तरी नमुने घेतो ना? उपयोगाचा सिग्नल ४५० हर्ट्झच्या आसपासपर्यंत जातो, नमुने त्याच्या दुपटीहून जास्त लागतात.

अवांतर: केस काढायचा कंटाळा आला तर हे आठवा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला द्यु ब्वा-रेमाँ या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने माणसाच्या हाताचा सिग्नल घेताना कातडीच्या अडथळ्यावर उपाय म्हणून फोड आणवले आणि तिथली कातडीच काढून टाकली. सिग्नल वाढला!

डंबेलदास

वाचून माझ्या छातीचा वरचा भाग आपोआप आखडला.

हाडवैरीण

रॉडवेडा, संच परत करायच्या आधी एक करून बघा. वजन थोडं कमी करा आणि वर जाताना व खाली येताना वेग सारखा ठेवा, मापाडींची दोरी आहेच. दोन्हीकडचे ईएमजी वेगळे काढा. काय येईल याचा अंदाज आधी इथे लिहा.

रॉडवेडा

अंदाज: सारखेच. वजन तेच, वेग तोच, म्हणजे बल तेच.

पिकलं_पान

खाली येताना कमी. यंत्राची गरज नाही, दुसऱ्या दिवशी मांड्या कशाने दुखतात ते विचारा.

रॉडवेडा

काका जिंकले!

६० किलो, दोन्हीकडे ०.४ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास. वर जाताना २४० मायक्रोव्होल्ट, खाली येताना १३०. इलेक्ट्रोड तेच, जागा तीच, एकाच रेपमधले दोन भाग, त्यामुळे या वेळी ताडून बघायला हरकत नसावी. पाच रेप केल्या, पाचही अशाच.

पण हे पटत नाहीये. खाली येताना रॉड काही हलका होत नाही.

हाडवैरीण

रॉड हलका होत नाही, तंतू बलवान होतात. स्नायू जोर लावत असतानाच ताणला गेला की प्रत्येक तंतू आखडतानापेक्षा जास्त बल धरून ठेवू शकतो. स्नॅचसम्राज्ञींनी सांगितलेल्या वक्राची ही दुसरी बाजू, वेग शून्याच्या पलीकडची. मग तेवढ्याच ६० किलोंना निम्मे-अधिक गडी पुरतात, गोंगाट कमी होतो. पण कामावर असलेल्या प्रत्येक गड्यावर भार जास्त पडतो, आणि काका म्हणतात ते दुसऱ्या दिवशीचं दुखणं बरंचसं तिथून येतं.

काठावरचा

आणि खाली येतानाची पॉवर?

मापाडी

उणे. बल वरच्या दिशेला, वेग खालच्या. ६० गुणिले ९.८१ गुणिले ०.४, उणे २३५ वॅट. तेव्हा तुम्ही रॉडवर काम करत नसता, रॉड तुमच्यावर करत असतो. बरीच यंत्रं हा आकडा दाखवतच नाहीत, ग्राहकाला वाईट वाटेल म्हणून असेल.

रॉडवेडा

संच आज परत केला. वहीत आता वजन, रेप आणि शेवटच्या रेपचा वेग एवढंच लिहितोय. वेग ०.४च्या खाली गेला की रॉड रॅकवर. मित्राने संच तपासून घेतला आणि विचारलं, "सापडलं का काही?" मी हाफ पँटमध्ये होतो. दोन्ही मांड्यांवर पेनची चौकट असलेली दोन चौकोनी टकलं. त्याने तिकडे बघितलं आणि म्हणाला, "डावं जरा वर लागलं होतं, नाही?"